मोडशी, विसूचिका व पटकी

जुनीं दप्तरें चाळणाऱ्या संग्राहकाच्या हातीं वैद्यकाचें एखादें बाड आल्यावांचून राहत नाहीं. पहिलें व शेवटचें पान गेलेलें, अक्षर दोन-तीन हातांचें, मजकूर अर्धा बाळबोध व अर्धा मोडी, मध्येंच उसनवारीचा हिशेब किंवा जन्मपत्रिकेचें टिपण, असें त्याचें साधारण रूप असतें. सनदा, करीने व महजर निवडून झाले म्हणजे असें बाड किरकोळांत पडतें, आणि किरकोळांतून रद्दींत जातें. आमच्या मतें ही मोठी चूक होय. अशा बाडांत शूळ, अतिसार, संग्रहणी, मोडशी, जंत व मूळव्याध यांवरील पाठ जितके आढळतात तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या रोगाचे आढळत असतील. आणि पोटाच्या या विकारांनींच जुन्या काळीं फौजा अडविल्या, यात्रा मोडल्या व राज्यांचे धनी नेले. ते रोग ओळखावयाचे कसे, व त्यांवर उपाय काय करीत, हें समजल्याखेरीज पत्रांतील व बखरींतील आजारांचे उल्लेख नीट लागत नाहींत.

एकच उदाहरण घेऊं. छत्रपति शिवाजी महाराजांचें देहावसान शके १६०२ चैत्र शुद्ध १५ रोजीं, म्हणजे ३ एप्रिल १६८० स, झालें. सभासद ज्वराची व्यथा सांगतो. मुंबईच्या इंग्रजांनीं त्याच एप्रिलच्या २८ तारखेस लिहिलेल्या पत्रांत महाराज बारा दिवस आजारी होते व रक्तातिसारानें गेले असें आहे. या दोन लेखांस परस्परविरोधी समजून त्यांतील एक खोटा ठरविण्याचा प्रयत्न होत असतो. परंतु चक्रदत्तानें ज्वरातिसार म्हणून स्वतंत्र प्रकरणच घातलें आहे. ज्वर व अतिसार एकत्र असणें ही वैद्यास नित्याची गोष्ट. एकानें एक लक्षण टिपलें व दुसऱ्यानें दुसरें टिपलें, इतकेंच असूं शकेल. यावरून रोग ठरला असें आमचें म्हणणें नाहीं. लक्षण व रोग हे निराळे ठेवावे, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

आतां शास्त्राकडे वळूं. कारण बाडकार वैद्याची भाषा त्याच मुशींतून निघालेली असते. निदानाच्या बाबतींत त्याचा हातचा ग्रंथ म्हणजे माधवनिदान. इंदुकराचा पुत्र माधवकर यानें इ. स. ७०० च्या सुमारास हा ग्रंथ रचिला. त्याचें मूळ नांव रोगविनिश्चय. चरक, सुश्रुत व वाग्भट यांतील निदानवचनें एकत्र गुंफून त्यानें रोगांचा जो क्रम लाविला तोच पुढील बहुतेक चिकित्साग्रंथांनीं उचलला. पंचनिदानानंतर ज्वर, ज्वरानंतर अतिसार, मग ग्रहणी, मग अर्श, मग अग्निमांद्य-अजीर्ण-विसूचिका, मग कृमि, असा तो क्रम आहे. तुटक्या पोथीचें सुटें पान कोठलें हें या क्रमावरून पुष्कळदां तत्काळ लागतें. ज्वराच्या पाठोपाठ सारा अन्नमार्गच घेतला आहे, यावरून या विकारांचें महत्त्व किती मानीत हेंही दिसून येईल.

या सर्व प्रकरणाचा कणा म्हणजे अग्नि. तो सम, विषम, तीक्ष्ण व मंद असा चार प्रकारचा. तो मंद झाला कीं अन्न अर्धवट पचून त्याचा आम होतो, व आम हेंच पुढील उपद्रवांचें मूळ. ग्रहणी हें आमाशय व पक्वाशय यांच्यामधील अग्नीचें स्थान. तें बिघडलें म्हणजे त्याच नांवाचा जुनाट रोग जडतो, कधीं बद्ध व कधीं द्रव मळ पडतो, आणि रोगी महिनोंमहिने झिजत जातो. येथें संग्राहकास एक सूचना द्यावीशी वाटते. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो व शब्दही तोडलेले नसतात. त्यामुळें "ग्रहणीवर" या मथळ्याखालील पाठ घाईनें वाचणाऱ्यास ग्रहणकाळचा विधि वाटण्याचा संभव असतो. पुढें सुंठ, बेलफळ, ताक असे शब्द दिसले कीं संशय राहूं नये. ताक हें तर या रोगावरचें मुख्य औषध व पथ्य. चरकानें अर्श व ग्रहणी या दोहोंवर तें मोठ्या आस्थेनें सांगितलें आहे.

अतिसाराच्या निदानांत एक परीक्षा अशी आहे कीं, ती जुन्या वैद्यांच्या नजरेची खरी साक्ष देते. मळ पाण्यांत टाकला असतां बुडाला तर तो साम, तरंगला तर पक्व. तथापि फार पातळ, फार घट्ट, थंड झालेला किंवा कफानें बिघडलेला मळ असेल तर ही कसोटी धरूं नये, असा अपवादही तेथेंच दिला आहे. नियम सांगून लगेच त्याची मर्यादा सांगणारा मनुष्य प्रत्यक्ष पाहणारा असला पाहिजे. या परीक्षेवर सारी चिकित्सा अवलंबून असे. साम अवस्थेंत मळ बांधणारें औषध देणें हा दोष मानीत. आधीं लंघन व पाचन, नंतरच कुडा, बेल, डाळिंबसाल हीं स्तंभक द्रव्यें. बाडांतून पाठाच्या आरंभीं "आंव असतां देऊं नये" अशा अर्थाची जी ताकीद येते ती याच नियमाची. नकलकारानें ती गाळली तर पाठ तोच राहतो, पण रोग्यास अपाय होतो. म्हणून दोन प्रती ताडून पाहतांना द्रव्यांच्या मापापेक्षांही अशा ताकिदींकडे अधिक लक्ष द्यावें.

आतां या लेखाच्या मुख्य विषयाकडे येऊं. विसूचिका हें नांव सूचि म्हणजे सुई या शब्दावरून आलें; अजीर्णानें कोपलेला वायु सुयांनीं टोंचल्यासारखी वेदना करितो म्हणून विसूचिका. लक्षणें दिलीं आहेत तीं अशीं: मूर्च्छा, अतिसार, वांति, तहान, शूळ, भ्रम, पोटऱ्यांस गोळे, जांभया, दाह, वर्ण पालटणें, कंप, छातींत व डोक्यांत वेदना. दांत, ओंठ व नखें काळवंडलीं, डोळे आंत गेले, स्वर क्षीण झाला, शुद्धि हरपूं लागली व सांधे सैल पडले, तर रोगी वांचत नाहीं. मूत्र अडणें हा उपद्रवही माधवनिदानाच्या छापील प्रतींत येतो. आजचा कोणताही डॉक्टर हें वाचून शरीरांतील पाणी व क्षार निघून गेलेला मनुष्य आपल्यासमोर उभा केला आहे असेंच म्हणेल.

परंतु हीच आजची पटकी काय? अर्वाचीन कोशांनीं विसूचिका म्हणजे कॉलरा असें सरसकट समीकरण मांडलें आहे व पुष्कळ संपादक तेंच टीपेंत उतरून घेतात. आम्हांस तें मान्य नाहीं. पहिली गोष्ट, सुश्रुताच्या मतें मिताहारी मनुष्यास विसूचिका होतच नाहीं. ती अधाशी व असंयमी माणसांचा रोग. गांवेंच्या गांवें ओसाड पाडणारी व्याधि पाहिलेला ग्रंथकार असें लिहिणार नाहीं. दुसरी गोष्ट, चरकानें साथींचा विचार जनपदोध्वंस म्हणून विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत केला आहे व तेथें वायु, जल, देश व काल यांची दुष्टि हें कारण सांगितलें आहे. विसूचिका मात्र त्याच्या लगतच्या दुसऱ्या अध्यायांत आमदोषाखालीं येते. दोन्ही विषय शेजारी असून ग्रंथकारानें ते जोडले नाहींत. तिसरी, तांदुळाच्या धुवणासारखा पांढरट मळ हें पटकीचें ठळक चिन्ह लक्षणांच्या यादींत नाहीं. यावरून विसूचिका हें नांव उग्र वांतिअतिसाराच्या कोणत्याही विकारास लावीत, व त्यांत कधीं खरी पटकीही असे, एवढेंच अनुमान निघतें.

पटकीसारख्या रोगाची आपल्या किनाऱ्यावरील स्पष्ट हकीकत मिळते ती पोर्तुगीजांच्या लेखांत, आणि तीही एका मराठी-कोंकणी शब्दासह. गास्पार कोर्रेय हा इ. स. १५४३ ची गोव्यांतील साथ वर्णितो. लोक तिला "मोरिशी" म्हणत. वांति, अखंड तहान, पायांस गोळे, फुटल्यासारखे डोळे, काळीं पडून सुरकुतलेलीं नखें, आणि एका अहोरात्रांत मृत्यु, अशीं लक्षणें तो देतो. शंभरांत दहाही वांचत नसत, व जे वांचत ते देशी लोकांच्या साध्या औषधांनीं, अशी कबुलीही देतो. लोक घाबरूं नयेत म्हणून गव्हर्नरानें देवळांच्या घंटा वाजविण्यास मनाई केली. इस्पितळांत मेलेल्या एका रोग्याचें प्रेत उघडून पाहविलें; त्यांत जठर कोंबडीच्या पेंदाप्रमाणें आकसलेलें व करपलेल्या चामड्याप्रमाणें सुरकुतलेलें आढळलें, दुसरें कांहीं नाहीं. कोर्रेय या साथीचा काळ "हिवाळा" म्हणून देतो. वाचकांनीं येथें फसूं नये. हिंदुस्थानांतील पोर्तुगीज आपल्या भाषेंतील हिवाळ्याचा शब्द पावसाळ्यास लावीत. पाण्याच्या रोगास पावसाळा हाच काळ संभवनीय. गुरें व कोंबड्याही मेल्या असें तो म्हणतो तें मात्र पटकीस जुळत नाहीं. साथीच्या भीतींत दुसरा एखादा रोगही याच खातीं घातला गेला असावा.

वीस वर्षांनीं, १० एप्रिल १५६३ रोजीं, गार्सिया द ओर्ताचें हिंदुस्थानांतील औषधींवरील संवादरूप पुस्तक गोव्यांतच छापून निघालें. ओर्ता इ. स. १५३४ त गोव्यास आला होता व अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य म्हणूनही त्याचा दरबारांत वावर होता. त्याच्या सतराव्या संवादांत कोष्ठ या औषधीची चर्चा चालली असतां निरोप येतो कीं, अमुक गृहस्थाच्या भावास दोन तासांपूर्वीं "मोर्शी" झाली आहे, त्वरित यावें. या रोगास आपण कॉलरा म्हणतों, हिंदी लोक मोर्शी म्हणतात, व तोच शब्द बिघडवून आपले लोक मोर्देशी म्हणतात, असें तो सांगतो. अरबी नांवही तो देतो. तें आपल्या परिचयाच्या हैजाचेंच रूप होय. हा शब्द आपला मोडशी, यांत शंका नको. मूर्धन्य ड पोर्तुगीज कानास र किंवा र्द असा ऐकूं येई, व शेवटीं त्यांनीं आपल्या संवयीप्रमाणें अनुनासिक जोडून "मोर्देशिं" केलें. इ. स. १५८३ नंतर गोव्यांत राहिलेल्या डच लिन्स्कोटेननें तेंच उचललें. पुढें फ्रेंचांनीं त्यांत आपल्या भाषेंतील "कुत्र्याचें मरण" ऐकलें व तसेंच लिहूं लागले. बूर्बों बेटावर तर हा "कुत्र्याचा रोग" झाला! आपल्या घरांतील एका साध्या शब्दानें केवढा प्रवास केला हें पाहून गंमत वाटते. आज घरोघर मोडशी म्हणजे किरकोळ अजीर्ण. सोळाव्या शतकांत तिनें मनुष्य एका दिवसांत मरत असे. म्हणून कागदांत "मोडशी जाहली" असें आलें तर आजच्या अर्थानें वाचून पुढें जाऊं नये. दोन ओळींनंतर त्या मनुष्याचें काय झालें तें पाहावें.

ओर्तानें देशी वैद्यांचे उपाय नोंदले आहेत ते फार मोलाचे आहेत. ते रोग्यास मिरीं व जिरें घातलेली तांदुळाची पेज पाजीत, गोळे येऊं नयेत म्हणून हातपाय पट्ट्यांनीं आंवळून बांधीत, विडा चघळावयास देत, डोळ्यांत पिंपळी घालून शुद्धि आहे कीं नाहीं तें पाहत, व पायांस डाग देत. हा डाग पुढील प्रवाशांच्या लेखांतून सारखा येतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुरत-मुंबईस असलेला इंग्रज डॉक्टर फ्रायर (हाच पुढें जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडे औषधोपचारास गेला होता) मोर्दिशीनवर निर्दयपणें डागतात असें लिहितो. फ्रेंच वैद्य देलों हाही टांचेस तापलेली सळई लावण्याचा उपाय देतो. या सर्वांनीं तो रानटी लोकांचा अडाणी उपचार म्हणून नोंदला. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत मात्र विसूचिका साध्य असेल तर दोन्ही टांचांस डाग देणें प्रशस्त होय असें स्पष्ट विधान आहे. म्हणजे गोव्याच्या वैद्याच्या हातांतील सळई हजारांहून अधिक वर्षांच्या परंपरेनें त्याच्याकडे आली होती. ग्रंथ व लोकाचार यांचा इतका साफ सांधा क्वचितच मिळतो. या डागानें रोग बरा होत असे असें मात्र समजूं नये. ज्याला टांचेची वेदना कळे तो अद्यापि शुद्धीवर असे. अशांपैकीं कांहीं आपोआप वांचत व श्रेय डागास मिळे.

पेजेची गोष्ट वेगळी आहे. चरकानें विसूचिकेंत आधीं लंघन व मग रेच दिलेल्या मनुष्याप्रमाणें पेयादि क्रम सांगितला आहे. त्या क्रमाचा आरंभ पेजेनें होतो. लंघनाच्या नियमास बगल देऊन गोव्याच्या वैद्यांनीं पेज आरंभींच दिली असेल, तर त्यांनीं शास्त्रापेक्षां अनुभवाला मान दिला असें म्हणावें लागेल.

इ. स. १८१७ त चित्र पालटलें. ऑगस्टांत बंगालांतील जेसोर येथें साथ उठली, नोव्हेंबरांत बुंदेलखंडांतील लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणींत शिरली, व १८१८ त दक्षिणेंत व मुंबईस पोंचली. खडकीची लढाई त्याच नोव्हेंबरांतील, म्हणजे मराठी राज्याचा शेवट व या साथीचा फैलाव एकाच हंगामांतले. या वेळेपासूनच्या कागदांत पटकी, वाखा, जरीमरी, महामारी हे शब्द पाहावे. मात्र महामारी कोणत्याही साथीस व पुढें प्लेगासही म्हटलें आहे, म्हणून एकट्या त्या शब्दावर निर्णय करूं नये. मुंबईच्या वैद्यकीय मंडळानें आपल्या डॉक्टरांचे अहवाल १८१९ त छापून काढले. त्यांचे उपाय पाहिले तर आपल्या वैद्यांस हंसण्याचा अधिकार कोणासच उरत नाहीं. पाण्यावांचून मरणाऱ्या रोग्याची ते शीर तोडून रक्त काढीत, आणि पारदाचें कॅलोमेल व अफूचा अर्क देत.

रोगाचें खरें कारण यानंतर टप्प्याटप्प्यानें कळलें. दूषित पाणी हा मार्ग जॉन स्नो यानें लंडनांत १८५४ त दाखविला; जंतु रॉबर्ट कॉख यानें १८८४ त कलकत्त्यास वेगळा केला; त्या जंतूचें विष आंतड्यांतून पाणी बाहेर ओढतें हें शंभुनाथ डे यांनीं १९५९ त, तेंही कलकत्त्यासच, सिद्ध केलें. उपचाराच्या बाजूनें, टॉमस लाटा यानें १८३२ त स्कॉटलंडांत शिरेंतून क्षारजल घातलें, पण तें मागें पडलें. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनीं १९५३ त मीठ व ग्लुकोज यांचें पाणी तोंडानें देऊन पाहिलें, आणि वांति थांबविण्यास पानओव्याचा रस दिला. १९७१ त बांगला देशच्या युद्धांतील निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचें पाणी आप्तांकरवीं पाजविलें, तेव्हां शेंकडा ३० च्या घरांतील मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३.६ वर आलें. तांदुळाच्या पिठावर केलेलें तसलेंच द्रावण पटकींत गुणकारी ठरलें आहे. ओर्ताच्या वैद्यांची पेज यावरून आठवते. परंतु तिच्यांत मीठ किती घालीत व ती किती पाजीत याचा उल्लेख तो करीत नाहीं, आणि याच दोन गोष्टींवर सारें अवलंबून असतें. पूर्वजांस सर्व ठाऊक होतें असें म्हणणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

आतां बाडांचा काल ठरविण्यास या पाठांचा उपयोग कसा होतो तें सांगूं. चरक, सुश्रुत व वाग्भट यांस अफू ठाऊक नाहीं. अफू संस्कृत वैद्यकांत बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास येते. शार्ङ्गधरांत अहिफेन आहे व नाडीपरीक्षाही आहे. म्हणून अतिसारावरील पाठांत अफू आली, उदाहरणार्थ हिंगूळ, अफू, मोथा, इंद्रजव, जायफळ व कापूर यांचा कर्पूररस आला, तर तो पाठ वाग्भटाच्या नांवावर घातलेला असला तरी तसा मानूं नये. नाडी, मूत्र, मळ, जिव्हा इत्यादि अष्टविध परीक्षेनें आरंभ होत असेल तर बाडाचा आदर्श बहुधा योगरत्नाकर किंवा त्याच्या जवळचा; महाराष्ट्रांत हा ग्रंथ फार वाचला गेला व आनंदाश्रमानें तो छापलाही आहे. त्याच्याशीं पाठ ताडून जे उरतील तेच बाडकाराचे स्वतःचे किंवा त्याच्या गांवचे. संग्राहकाचें खरें धन त्या उरलेल्या पाठांत आहे.

हिंगाष्टकासारखे सर्वश्रुत पाठ एका ओळींत नोंदावे. सुंठ, मिरीं, पिंपळी, ओंवा, सैंधव, दोन्ही जिरीं व हिंग इतकें दिसलें कीं पुढें उतरून घेण्याचें कारण नाहीं. याउलट ज्या पाठापुढें रोग्याचें नांव, गांव, तिथि किंवा "गुण आला" असा शेरा आहे तो अक्षरशः उतरावा, मग त्यांतील औषध कितीही क्षुल्लक असो. मापें तोळे, मासे, गुंजा, टांक अशीं आहेत तशींच ठेवावीं. आपल्या मनानें ग्रॅम करूं नयेत. पारा, हिंगूळ, बचनाग व अफू असलेला कोणताही पाठ छापतांना तो प्रयोगासाठीं नव्हे हें तेथेंच लिहावें. जुन्या कागदावरील श्रद्धेनें औषध घेणारे लोक आजही आहेत. आणि सूचींत "वैद्यक, किरकोळ" एवढ्यावर न थांबतां अतिसार, ग्रहणी, विसूचिका, मोडशी, पटकी यांपैकीं मूळ कागदांत जो शब्द असेल तोच, मूळच्या शुद्धाशुद्ध रूपांत, नोंदवावा. मोडशीच्या जागीं कॉलरा असें लिहून ठेवलेली सूची पुढच्या अभ्यासकास मूळ बाड पुन्हां उघडावयास लावते, आणि तोंवर तें बाड शिल्लक असेलच असा भरंवसा नसतो.